वयाची चढण आणि पाळीची पायरी

मैत्रिणींनो, "वय झालं की रक्तात चरबी वाढायचीच, त्यात काय एवढं?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. दवाखान्याच्या बाकड्यावर ऐकलंय, एसटीत ऐकलंय, गटाच्या बैठकीत तर हमखास. हे वाक्य अर्धं खरं आहे. वयाबरोबर रक्तातली चरबी वाढते, पण बाईची आणि पुरुषाची सारखी वाढत नाही. पुरुषाची चढण विशीपासूनच सुरू होते आणि तो हळूहळू चढत राहतो. बाई बराच काळ त्याच्या खाली असते, आणि पाळी जायच्या दिवसांत एकदम पायरी चढावी तशी वर जाते. ही पायरी कुणी पाहिली, कशी पाहिली, आणि पाहूनसुद्धा ती बायकांच्या कानावर जायला इतकी वर्षं का लागली, त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत.

आधी चरबी म्हणजे काय ते थोडक्यात. रक्ततपासणीच्या कागदावर दोन मुख्य नावं असतात, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड. ट्रायग्लिसराइड म्हणजे साठवणीची चरबी. खाल्लेलं अन्न जास्त झालं की शरीर ते या रूपात बाजूला ठेवतं. कोलेस्टेरॉल मात्र बांधकामाचं सामान आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला ते लागतं, पित्ताला लागतं, पाळी आणणारी संप्रेरकंसुद्धा त्याच्यापासूनच बनतात. बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृत स्वतःच तयार करतं, बाकीचं मांस, अंडी, दूध-तूप यांतून येतं. झाडापासून आलेल्या तेलात ते मुळातच नसल्यासारखं असतं, त्यामुळे शेंगतेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' असं मोठ्या अक्षरात छापलेलं दिसलं तर त्याचे जादा पैसे देऊ नका.

या पदार्थाचा शोध लागला तो रक्तात नव्हे, पित्ताशयातल्या खड्यांत. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या वैद्यांना त्या खड्यांत मेणासारखं काहीतरी सापडलं. पुढे १८१५ च्या सुमारास शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं. ग्रीक भाषेत 'कोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिओस' म्हणजे घट्ट. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९१३ साली, रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात अनिचकोव आणि त्यांच्या सोबत्याने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चरबीचे थर जमले. पण ससा पडला गवत खाणारा. सशाचं माणसाला कसं लागू करायचं, असं म्हणून बहुतेक डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. माणसाचं कळायला माणसंच हवी होती, तीही एकदा तपासून सोडून दिलेली नव्हे, वर्षानुवर्षं तपासलेली.

अशी माणसं मिळाली अमेरिकेत, फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात.

१२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. वय ६३. त्यांचं बीपी कित्येक वर्षं चढलेलं होतं आणि शेवटच्या दिवशी ३०० च्या घरात गेलं होतं. आजूबाजूला डॉक्टरांची कमी नव्हती. पण त्या काळी वय वाढलं की बीपी वाढणारच असं खुद्द डॉक्टरच मानत. तेव्हा अमेरिकेत सगळ्यात जास्त मृत्यू हृदयविकाराने होत होते, आणि तो कशाने होतो हे कुणी नेमकं सांगू शकत नव्हतं. १९४८ साली तिथल्या सरकारने हृदयाच्या आजारांसाठी कायदा केला, पैसा मंजूर केला, आणि बॉस्टन शहराच्या पश्चिमेला असलेलं सुमारे २८ हजार वस्तीचं फ्रेमिंगहॅम अभ्यासासाठी निवडलं. या गावाला तपासणीची सवय होती. तीस वर्षांपूर्वी तिथे क्षयरोगाचा असाच मोठा प्रयोग झालेला होता.

तिशी ते साठीच्या दरम्यानचे ५२०९ लोक त्यात आले. आजारी माणसं नव्हेत, धडधाकट, आपापल्या कामाला जाणारी. त्यांच्याशी बोलणी गावातल्याच लोकांनी केली. समित्या झाल्या, शेजाऱ्याने शेजाऱ्याला तयार केलं. ठरलं असं की दर दोन वर्षांनी यायचं, रक्त द्यायचं, बीपी, वजन, हृदयाची पट्टी काढून घ्यायची, सिगारेट ओढता का, काय काम करता, हे सांगायचं आणि घरी जायचं. औषध नाही, गोळी नाही, पैसे नाहीत. नुसतं बघायचं की पुढे कुणाला काय होतं.

त्या ५२०९ जणांमध्ये पुरुष होते २३३६ आणि बायका होत्या २८७३. म्हणजे बायका जास्त. ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. कारण त्या काळात आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं हृदयविकाराच्या अभ्यासात बाई दिसायचीच नाही. इथे मात्र मुलांना शाळेत पाठवून, स्वयंपाक आवरून, नोकरीवरून सुट्टी काढून, पावणेतीन हजारांहून जास्त बायका बाही वर सारून बसल्या. एकदा नाही, दर दोन वर्षांनी. काहीजणी म्हाताऱ्या होईपर्यंत. १९६० च्या दशकाच्या शेवटी सरकारी पैसा आटायची वेळ आली तेव्हा अभ्यासाचे माजी प्रमुख डॉ. थॉमस डॉबर यांनी बाहेरून देणग्या गोळा केल्या आणि काम चालू ठेवलं. १९७१ साली त्याच लोकांची मुलं-सुना-जावई अभ्यासात आले, २००२ साली नातवंडं.

गटाची वही ठेवणाऱ्या बाईला याचं मोल वेगळं सांगायला नको. एका महिन्याच्या आकड्यावरून गटाचं काही कळत नाही, पाच-दहा वर्षांच्या नोंदी समोर ठेवल्या की कोण सावरलं आणि कोण घसरलं ते दिसतं. फ्रेमिंगहॅमची वही आता पंचाहत्तर वर्षांच्या पुढे गेली आहे.

पहिलं फळ आलं १९५७ मध्ये आणि मग १९६१ मध्ये. डॉ. विल्यम कॅनल आणि सोबत्यांनी दाखवलं की ज्यांचं बीपी जास्त, ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त, त्यांना पुढे हृदयविकार जास्त होतो. आज डॉक्टर सहज म्हणतात ना, "तुम्हाला रिस्क आहे," ती बोलण्याची पद्धतच इथून पसरली. "वय झालं की वाढणारच" या म्हणण्यातली हवा तेव्हाच गेली. वाढतं म्हणून ते बिनधोक नसतं.

आता वयाचं. जन्मलेल्या बाळाच्या नाळेतल्या रक्तात कोलेस्टेरॉल साधारण ७० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. दूध पिऊन बाळ वाढतं तसं तेही वाढतं, आणि दोनेक वर्षांत दुपटीच्या घरात जातं. वयात येताना ते थोडं उतरतं. मग विशीनंतर पुरुषाचं चढत चढत पन्नाशीपर्यंत जातं आणि तिथे साधारण थांबतं. तरुण बाईचं त्याच वयाच्या पुरुषापेक्षा कमी असतं. गरोदरपणात मात्र बाईची चरबी बरीच वाढते, कारण बाळाला सामान पुरवायचं असतं, आणि बाळंतपणानंतर ती खाली येते. म्हणून पोटुशी असताना कुणी चरबीची तपासणी केली आणि आकडा मोठा दिसला तर धसका घ्यायचं कारण नसतं. मग पन्नाशीच्या आसपास दोन रेषा एकमेकींना छेदतात. बाई पुरुषाच्या वर जाते आणि त्यापुढे वरच राहते. सत्तरीनंतर दोघांचंही थोडं उतरतं, पण त्याचा अर्थ तब्येत सुधारली असा दरवेळी नसतो. ज्यांचं खूप जास्त होतं त्यांतले काही आधीच गेलेले असतात, आणि आजारपणाने, खाणं तुटल्यानेही आकडा खाली येतो. घरातल्या म्हातारीचं वजन आणि कोलेस्टेरॉल दोन्ही अचानक घसरलं तर आनंद मानण्याआधी डॉक्टरला विचारावं.

असं का होतं, याचं उत्तर १९७० च्या दशकात मिळालं. चरबी पाण्यात विरघळत नाही, हे आपल्याला भांडी घासताना रोज कळतं. रक्त तर पाण्यासारखंच. म्हणून शरीर चरबीला छोट्या छोट्या गाठोड्यांत बांधून रक्तातून पाठवतं. अमेरिकेतल्या जॉन गॉफमन यांनी १९५० च्या सुमारास अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रात रक्त फिरवून ही गाठोडी वेगळी केली. दही घुसळल्यावर लोणी वर येतं, तसंच काहीसं. त्यांतली एलडीएल नावाची गाठोडी जास्त झाली की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात आणि थर धरतात. एचडीएल नावाची गाठोडी उलट जादा चरबी यकृताकडे परत आणतात. पुढे डलास शहरातल्या मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोघांनी शोधलं की यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे जणू हात असतात. हात भरपूर असले की रक्त साफ राहतं. हात कमी झाले की गाठोडी रक्तातच फिरत राहतात. त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

वय वाढलं की हे हात कमी होतात, बाईचे आणि पुरुषाचेही. पण बाईच्या अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक या हातांची संख्या टिकवून ठेवतं. पाळी चालू असेपर्यंत बाईला ही मदत असते. पाळी जाताना इस्ट्रोजेन आटतं, हात कमी पडतात आणि एलडीएल चढतं. बाईने तेव्हा खाणं बदललेलं नसतं, काम कमी केलेलं नसतं. "तूप जास्त झालं असेल" असं घरचे म्हणतात. तसं झालेलं नसतानाही आकडा वर जाऊ शकतो.

पण हे सगळं कळत असताना डॉक्टरमंडळी बायकांना काय सांगत होती? १९६४ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहरात, हृदयविकारावर बायकांसाठी पहिली परिषद भरली. तिथल्या हृदयसंघटनेने भरवली. हजारो बायका आल्या. परिषदेचं नाव होतं 'हृदयं आणि नवरे'. नवऱ्याचं हृदय कसं जपायचं, त्याला काय रांधून घालायचं, त्याच्यावर ताण कसा येऊ द्यायचा नाही, हे शिकवण्यासाठी बायकांना बोलावलं होतं. बाईलाही हृदय असतं, हे त्या परिषदेच्या विषयातच नव्हतं. हसू येतं, पण आपल्याकडेही घरातल्या पुरुषाचं तेल-मीठ मोजणारी बाई स्वतःचा कागद कधी काढते, ते आपलं आपल्याला ठाऊक आहे.

पुढची वर्षंही तशीच. १९८२ साली निकाल लागलेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात हृदयविकाराचा धोका कमी करता येतो का ते पाहिलं गेलं. त्यात १२,८६६ माणसं होती आणि सगळे पुरुष. अ‍ॅस्पिरिनची गोळी हृदयाला उपयोगी पडते का, याचा अभ्यास २२ हजारांवर डॉक्टरांवर झाला, तेही सगळे पुरुष. औषधांच्या मात्रा, धोक्याच्या रेघा, छातीत दुखण्याचं वर्णन, सगळं पुरुषांवरून बेतलेलं. सरकारी पैशाने होणाऱ्या अभ्यासांत बायकांना घेतलंच पाहिजे असा कायदा अमेरिकेत झाला तो १९९३ मध्ये.

मधल्या काळात फ्रेमिंगहॅमची वही मात्र बोलत होती. १९७६ साली त्या २८७३ बायकांच्या चोवीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्या चोवीस वर्षांत पाळी चालू असलेल्या एकाही बाईला हार्ट अटॅक आला नाही, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने अशी एकही बाई गेली नाही. पाळी गेलेल्यांमध्ये मात्र, अगदी त्याच वयाच्या बायकांशी तुलना केली तरीही, हृदयविकार कितीतरी जास्त होता. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका लेखात पाळी जाताना कोलेस्टेरॉल वाढतं हेही दिसलं. मैत्रिणींनो, इथे एक इशारा लगेच देतो. ही त्या काळच्या, त्या गावच्या, जवळजवळ सगळ्या गोऱ्या बायकांची गोष्ट आहे. "माझी पाळी चालू आहे, मला काही होत नाही" असा अर्थ यातून काढू नका. बीपी, शुगर, तंबाखू-मिसरी असेल तर पाळी चालू असतानाही अटॅक येतो.

तरी एक शंका राहत होती. पाळी जाते तेव्हा बाईचं वयही वाढतच असतं. मग चरबी वाढते ती वयाने की पाळी गेल्याने? ते वेगळं काढायचं तर प्रत्येक बाईची शेवटची पाळी कधी आली ती तारीख हवी, आणि तिच्या मागच्या-पुढच्या काही वर्षांचं रक्त हवं. १९९६ मध्ये अमेरिकेत सात ठिकाणी असा अभ्यास सुरू झाला. चाळिशी-पन्नाशीच्या ३३०२ बायका. या वेळी गोऱ्यांबरोबर काळ्या, चिनी, जपानी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या बायकाही होत्या. २००९ साली त्यांतल्या १०५४ जणींच्या नोंदी मांडल्या गेल्या. बीपी, साखर यांसारख्या गोष्टी वयाच्या चढणीनेच हळूहळू चढल्या होत्या. पण एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल यांनी शेवटच्या पाळीच्या आधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष, एवढ्यातच उडी घेतली होती. सगळ्या वंशांच्या बायकांमध्ये जवळपास तशीच. ही ती पायरी.

मग कुणीही म्हणेल, इस्ट्रोजेन आटल्याने झालं तर बाहेरून इस्ट्रोजेन द्या, काम झालं! नेमकं हेच झालं होतं, आणि या इतिहासातला आम्हाला सगळ्यात शिकण्यासारखा वाटणारा भाग हाच आहे. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेत १९४२ पासून मिळत होत्या. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टरने पुस्तक लिहून बाईला कायमचं तरुण राहता येतं असा गाजावाजा केला. लाखो बायका गोळ्या घेऊ लागल्या. गोळ्यांनी रक्ताचे आकडे खरंच सुधारायचे. एलडीएल उतरायचं, एचडीएल वाढायचं. म्हणजे हृदयही वाचत असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. रीतसर तपासून पाहिलं ते १९९० च्या दशकात. आधीच हृदयविकार असलेल्या २७६३ बायकांच्या अभ्यासाचा निकाल १९९८ मध्ये आला. आकडे सुधारले, अटॅक काही कमी झाले नाहीत. मग १६,६०८ निरोगी बायकांचा त्याहून मोठा अभ्यास जुलै २००२ मध्ये मधेच थांबवावा लागला, कारण दोन संप्रेरकांची गोळी घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कर्करोग, लकवा आणि रक्ताच्या गाठी वाढलेल्या दिसल्या, आणि हृदयाला फायदा दिसला नाही.

तेव्हापासून नुसती चरबी कमी व्हावी म्हणून किंवा हृदय वाचावं म्हणून ही गोळी देत नाहीत. अंगातून वाफा निघणं, रात्रीचा घाम, झोप न लागणं असा त्रास फार असेल तर डॉक्टर काही बायकांना ठरावीक काळासाठी देतात, तो वेगळा विषय. चरबी कमी करणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात, त्यांना स्टॅटिन म्हणतात. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून त्यांतल्या एकीत हे औषध शोधलं. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. ही गोळी यकृतावरचे हात वाढवते, आणि हिच्या बाबतीत आकड्याबरोबर अटॅकही कमी झाले हे १९९४ पासूनच्या अभ्यासांत दिसलं. अशा पहिल्या मोठ्या अभ्यासात ४४४४ रुग्ण होते, त्यांत बायका ८२७. पुन्हा कमीच, पण निदान होत्या.

आता आपल्याकडे या. भारतात पाळी जाण्याचं वय साधारण ४६-४७ आहे. अमेरिकेत ते ५१ च्या आसपास. म्हणजे ती पायरी आपल्या बायकांना चार-पाच वर्षं आधी लागते. जगातल्या ५२ देशांच्या एका अभ्यासात भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या जगात तो जवळजवळ ५९ व्या वर्षी. आणि आपली चरबीही जरा वेगळ्या वळणाची. २०१४ मध्ये महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांच्या रक्ताचा अहवाल आला. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले शंभरात १४ च्या आसपास, पण एचडीएल कमी असलेले शंभरात ७२. ट्रायग्लिसराइड जास्त असलेले शंभरात जवळपास ३०. म्हणजे नुसतं एकूण कोलेस्टेरॉल पाहून "नॉर्मल आहे" असं म्हटलं तर आपल्यातल्या पुष्कळजणींचं खरं दुखणं निसटतं.

आणि ज्या बायकांची पाळी वयाआधीच बंद केली जाते, त्यांचं काय? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं पुढे आलं. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी जवळपास १४ हजार जणींची पिशवी काढलेली होती, त्यांत कित्येकजणी चाळिशीच्या आतल्या. उचल घेतलेली, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या, खाडा झाला तर दंड. त्यावर पुष्कळ बोललं गेलं आणि आणखी बोलायला हवं. पण रक्तातल्या चरबीचा त्याच्याशी संबंध आहे, हे त्या चर्चेत फारसं आलं नाही.

पिशवी काढताना अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन त्याच आठवड्यात संपतं. तीस-पस्तीस वर्षांच्या बाईला पन्नाशीची पायरी एका दिवसात चढावी लागते, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं ती जास्त चरबी घेऊन जगते. अंडाशय ठेवले असतील तर पाळी बंद झाली तरी संप्रेरक चालू राहतं, पण तेही बहुतेकदा नेहमीपेक्षा थोडं लवकर आटतं. आणि पाळीच येत नसल्याने ते कधी आटलं हे त्या बाईला कळतच नाही. म्हणून आपल्या गटात ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी एक गोष्ट जरूर शोधावी. ऑपरेशनचा कागद, डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर अंडाशय काढले की ठेवले ते वाचून घ्या. कळलं नाही तर आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा. कागद हरवला असेल तर सोनोग्राफीतूनही बहुतेकदा कळतं. आणि ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर "अंडाशय ठेवणार ना?" हा प्रश्न आधी विचारा. विचारायचा आपल्याला हक्क आहे.

गावात तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि कर्करोगाची तपासणी करतात, ती तुम्हाला माहीत आहे. चरबीची तपासणी त्या यादीत नाही, ती मागून करून घ्यावी लागते. तिला लिपिड प्रोफाइल म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होते का ते आधी विचारा, उगाच खासगीत पैसे घालू नका. बहुतेक ठिकाणी सकाळी उपाशीपोटी बोलावतात. त्याचं कारण असं की जेवल्यावर ट्रायग्लिसराइड चढतं आणि एलडीएलचा आकडा पुष्कळदा प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी हा हिशेब बसवला. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. एकूण २२०, एचडीएल ४० आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल तर २२० वजा ४० वजा ३०, एलडीएल झालं १५०. आपल्या वहीतल्या वजाबाकीपेक्षा अवघड नाही. फक्त ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तेव्हा हा हिशेब चुकतो.

पाळी मागेपुढे व्हायला लागली की एकदा ही तपासणी करावी, आणि पाळी जाऊन वर्ष झालं की पुन्हा एकदा. दोन्ही कागद एकत्र ठेवा. पायरी किती उंच होती ते त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून कळेल. गोळी लागते की नाही हे डॉक्टर नुसत्या एलडीएलवरून ठरवत नाहीत, बीपी, शुगर, तंबाखू, घरात कुणाला लवकर अटॅक आला होता का, हे सगळं बघतात. तेव्हा ते त्यांना आपणहून सांगा, पाळी कधी गेली आणि पिशवी काढली असेल तर कोणत्या वर्षी, हेही सांगा. पुष्कळदा ते विचारायचं राहून जातं.